आधी सातबारा, मग टोकन

कल्याण-डोंबिवलीतल्या त्या ६५ इमारतींमध्ये ज्यांनी घरे घेतली, त्यांनी डोळे झाकून पैसे टाकले होते असे म्हणता येणार नाही. इमारतींना महारेराचा नोंदणी क्रमांक होता. महापालिकेच्या बांधकाम परवानगीची प्रत फाइलला लावलेली होती. करारनामे नोंदले गेले, कित्येकांना गृहकर्जेही मिळाली. खोटी निघाली ती फक्त परवानगी. महापालिकेने ती कधी दिलीच नव्हती. बनावट कागदांच्या जोरावर महारेराचा क्रमांक मिळवला गेला आणि त्या क्रमांकाच्या जोरावर घरे विकली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. इमारत बेकायदा ठरली म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही, हे त्या कुटुंबांना त्यानंतर कळले.

त्याच सुमारास नालासोपारा पूर्वेला ४१ इमारतींवर हातोडा पडत होता. ती जागा विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. आरक्षण काही लपवून ठेवलेले नव्हते. आराखडा हा सार्वजनिक कागद असतो. पण खोली घेताना तो मागून पाहणारा माणूस विरळा. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलाची गोष्ट तर याहून जुनी आणि उच्चभ्रू वस्तीतली. १९८१ ते १९८९ या काळात तिथे सात इमारती उभ्या राहिल्या. परवानगी पाच मजल्यांची होती, त्यातली एक इमारत वीस मजल्यांपर्यंत चढली. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय लोक वर्षानुवर्षे राहिले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचव्याच्या वरचे मजले बेकायदा ठरवले. फसायला गरीब किंवा अशिक्षित असावे लागत नाही.

जागेत पहिल्यांदा पैसे घालणारा माणूस सहसा एकच प्रश्न घेऊन फिरतो: सध्या कुठे घेतलेले बरे? वाघोली की मोशी, पनवेल की बदलापूर? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा लागतो. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे लागतात. या जागेचा कागद निर्वेध आहे का? आणि पुढची पाच-सात वर्षे भाव तसूभर हलला नाही तरी ही जागा आपल्याला धरून ठेवता येईल का? ज्यांची ही दोन उत्तरे पक्की असतात त्यांना ठिकाण थोडे चुकले तरी ते सावरतात. ज्यांची नसतात, त्यांना मोक्याची जागाही रडवते.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केलेली बरी, कारण त्याचे उत्तर घरबसल्या, मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर मिळते.

पुण्यात ६० लाखांचा वन बीएचके भाड्याने देण्यासाठी घ्यायचा आहे असे धरू. इमारत तयार आहे, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले आहे, त्यामुळे जीएसटी नाही. हाच फ्लॅट बांधकाम चालू असताना घेतला असता तर पाच टक्क्यांनी तीन लाख रुपये वर गेले असते. पुरुषाच्या नावावर पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क धरले तर ४ लाख २० हजार. नोंदणी फीची कमाल मर्यादा ३० हजार. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे साठ हजार वाचतात. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळू शकते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरले जात नाही. तेव्हा ४८ लाख कर्ज आणि पदरचे साडेसोळा लाख. सोसायटी हस्तांतराचा खर्च, दलाली, पंखे-दिवे, रंगरंगोटी हे सगळे अजून बाजूलाच आहे.

साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षे मुदत धरली तर हप्ता येतो ४१,६५५ रुपये. भाडे? आपल्या मोठ्या शहरांत राहत्या घराचे वर्षाचे भाडे साधारणपणे किमतीच्या दोन ते साडेतीन टक्क्यांच्या घरात असते. तीन टक्के धरले तर महिन्याला १५ हजार. वर्षातला एक महिना घर रिकामे जाईल. सोसायटीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि किरकोळ दुरुस्त्या वजा केल्या की हातात वर्षाला लाखभर रुपये उरतात. हप्ते वर्षाला पाच लाख. याचा अर्थ दरवर्षी पगारातून चार लाख रुपये या फ्लॅटला घालावे लागणार.

पाच वर्षांनी काय चित्र दिसते? हप्त्यांपोटी २५ लाख गेले, पण मुद्दल फिटली जेमतेम पावणेसहा लाख. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जिरतो. बँकेचे ४२ लाख ३० हजार अजून देणे आहेत. खिशातून गेले ते सुरुवातीचे साडेसोळा आणि नंतरचे वीस, एकूण साडेछत्तीस लाख. म्हणजे हा फ्लॅट ७८ लाख ८० हजारांना विकला गेला तर घातलेला पैसा फक्त जसाच्या तसा परत येईल, तोही विकतानाची दलाली आणि कर न धरता. एक रुपयाही नफा नाही. त्यासाठीसुद्धा भाव सलग पाच वर्षे दरसाल साडेपाच टक्क्यांहून जास्त वाढायला हवा.

‘साठचे पाच वर्षांत ऐंशी झाले’ असे कुणी अभिमानाने सांगितले की हा हिशोब आठवावा. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याने हप्ते मोजलेले नसतात एवढेच.

भाव वाढतच जातो हा समजही २०१३-१४ नंतरच्या काळाने बराच हलवला. आधी विक्री मंदावली, मग नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी आली, २०१७ मध्ये रेरा आणि जीएसटी एकापाठोपाठ लागू झाले, २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी डबघाईला आली आणि बिल्डरांना पतपुरवठा करणाऱ्या वित्तसंस्थांचे हात आखडले. मुंबई-पुण्याच्या कित्येक भागांत या वर्षांत भाव जवळजवळ जागच्या जागी राहिले. त्या काळात ज्यांचे हप्ते पगाराच्या आवाक्यातले होते त्यांनी वाट पाहिली. ज्यांनी दोन-दोन फ्लॅट ‘बुक’ करून ताब्याआधी विकायचा बेत केला होता, त्यांना पडेल भावाने सुटका करून घ्यावी लागली.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कोविडच्या वर्षी राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्क तीन टक्के अंकांनी आणि नंतर मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्के अंकांनी कमी केले. दुय्यम निबंधक कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. या संधीचा फायदा कुणाला मिळाला? ज्यांची पहिली रक्कम बँकेत तयार होती, कर्ज आधीच मंजूर होते आणि कागद वकिलाच्या नजरेखालून गेलेले होते त्यांना. बाजार आपल्या सोयीने येत नाही, म्हणून नवख्याने घर शोधण्याआधी वर्ष-दीड वर्ष स्वतःची तयारी करावी आणि शिवाय सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवावेत. नोकरी जाते, भाडेकरू जातो, घरात आजारपण निघते. बँकेच्या तारखा त्यासाठी थांबत नाहीत.

आता पहिला प्रश्न, कागदाचा. इथे जरा सावकाश थांबायला हवे.

जमीन म्हटले की सातबारा. नाव पडले गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांवरून: पहिल्यात हक्कांची नोंद, दुसऱ्यात पिकांची. महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो घरबसल्या दिसतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा थोडक्या पैशांत मिळतो. नवखा माणूस उतारा हातात आला की विकणाऱ्याचे नाव शोधतो, ते सापडले की खूश होतो आणि कागद घडी घालून ठेवतो. जाणता माणूस आधी वर डाव्या बाजूला ‘भूधारणा पद्धती’ वाचतो. तिथे ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर पुढे जायचे. ‘वर्ग २’ असेल तर जमीन शासनाच्या अटींनी बांधलेली आहे आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मग नावे. एका गटावर सात नावे असतील तर सातही जणांची संमती लागते. कंसात टाकलेले नाव म्हणजे नोंद कमी झालेली. पण ती का कमी झाली, हे शेजारच्या फेरफार क्रमांकावरून शोधावे.

खरी गंमत उजवीकडच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात असते. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा इथे दिसतो. ‘कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशी ओळ असेल तर ती जमीन कधी काळी कुळाला मिळालेली आहे आणि तिच्या विक्रीला अटी आहेत. पुनर्वसनासाठी हस्तांतरणास बंदी, विहिरीत अमक्याचा चौथा हिस्सा, दिवाणी दावा प्रलंबित, हेही इथेच. चार शब्दांची ती ओळ कधीकधी सगळ्या व्यवहाराची किंमत ठरवते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार ती बिगर आदिवासीला सहजासहजी घेताच येत नाही. परवानगीशिवाय केलेला व्यवहार कायद्यापुढे टिकत नाही.

एवढे करूनही सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. न्यायालयांनी हे वारंवार सांगितले आहे. म्हणून फेरफार उतारे मागे मागे काढत जायचे, आठ-अ म्हणजे खातेउतारा पाहायचा, आणि दुय्यम निबंधकाकडच्या सूचीतून तीस वर्षांचे व्यवहार तपासणारा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्यायचा. शहरात, नगरभूमापन झालेल्या भागात, सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असते; तिथेही रीत हीच.

सर्वांत जास्त व्यवहार अडतात ते बहिणींमुळे, असे गावाकडे म्हटले जाते. खरे तर ते अडतात बहिणींना वगळल्यामुळे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ च्या सुधारणेने दिला, केंद्राने २००५ मध्ये दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वडील २००५ साली हयात असण्याची अट नाही, हेही तेव्हाच स्पष्ट झाले. तरी वारस नोंद करताना लग्न झालेल्या मुलींची नावे ‘राहून जातात’. घेणारा भावांशी व्यवहार करतो, पैसे देतो, कुंपण घालतो, आणि तीन वर्षांनी न्यायालयाची नोटीस येते. त्या बहिणीचे काहीच चुकलेले नसते. म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारावे, ‘दादा, बहिणी किती? त्यांचे हक्कसोड पत्र नोंदलेले आहे का?’ हा प्रश्न विचारायला लाजण्यासारखे काही नाही. सर्च रिपोर्टसाठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात तीही याचसाठी.

गुंठ्याच्या प्लॉटचा मोह नवख्याला फार असतो, कारण रक्कम छोटी दिसते. एका एकराचे चाळीस गुंठे, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. रविवारी गाडीतून नेऊन, जेवण घालून, चुन्याने आखलेले तुकडे दाखवले जातात. जमीन बहुधा शेतीची असते. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगर शेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला आडवा येतो. शहरी भागांपुरत्या अलीकडे सवलती आल्या असल्या, तरी दापोली किंवा मुरबाडच्या खेड्यातल्या एखाद्या तुकड्याला त्या लागू होतात असे गृहीत धरू नये. मग ‘सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून देतो’ अशी तोड सुचवली जाते. वीस अनोळखी माणसे एका उताऱ्यावर येतात. कुणाचा तुकडा कुठला हे कागद सांगत नाही. किंवा मग नोटरीसमोरचे साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र हातात ठेवले जाते. कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते.

बिनशेती झालेला, रेखांकन मंजूर असलेला प्लॉट घ्यायचा असेल तर तीन कागद पाहावेत आणि एक फेरी करावी: बिनशेती आदेश, मंजूर रेखांकनाचा नकाशा, नगररचना विभागाचा झोन दाखला, आणि भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी. जागेपर्यंतचा रस्ता सरकारी आहे की शेजाऱ्याच्या बांधावरून ‘आत्तापुरता’ दिलेला, हे पावसाळ्यात एकदा जाऊन पाहावे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना गावाकडे चार गुंठे असावेत असे फार वाटते. पण अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारकांना परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे शेतजमीन, फार्महाउस किंवा मळा विकत घेता येत नाही; वारसाने मिळणे ही वेगळी गोष्ट. त्यांच्यासाठी फ्लॅट, दुकान किंवा बिनशेती प्लॉट हाच सरळ मार्ग.

फ्लॅटकडे वळले की महारेरा. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात हे प्राधिकरण काम करते आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. तिथे प्रकल्पाचे पान उघडले की वकिलाचा मालकी अहवाल, प्रारंभ प्रमाणपत्र, प्रकल्पावरचा बोजा, ताब्याची कबूल केलेली तारीख असे सगळे वाचता येते. ग्राहकांकडून आलेल्या पैशाचे ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करणे बिल्डरला बंधनकारक आहे. नोंदणीकृत करारनाम्याआधी त्याला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा लांबला तर व्याज किंवा व्याजासह पैसे परत, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने. ग्राहकाच्या हातात एवढे बळ आपल्या देशात यापूर्वी कधीच नव्हते, आणि ते वापरले पाहिजे.

पण कल्याण-डोंबिवलीने दाखवले की क्रमांक ही चौकशीची सुरुवात आहे. त्या प्रकारानंतर परवानग्यांची स्थानिक संस्थेकडून पडताळणी करण्याची पद्धत कडक झाली, हे चांगलेच झाले. तरी घेणाऱ्याने प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी, महापालिकेच्या नगररचना विभागात जावे आणि ही परवानगी तुमच्याच दप्तरातली आहे का, किती मजल्यांची आहे, एवढेच विचारावे. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. त्याची फी दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस. साठ लाखांच्या खरेदीत तीस दिवस थांबणे परवडते. ‘उद्या भाव वाढणार आहे, आजच टोकन द्या’ असे सांगणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावे. टोकन द्यायचेच असेल तर ते चेकने किंवा ऑनलाइन द्यावे आणि सर्च रिपोर्ट निर्वेध आला नाही तर रक्कम पूर्ण परत, ही ओळ पावतीवर लिहून घ्यावी. ही एक ओळ पुढचे कितीतरी वाद वाचवते.

भाव विचारताना तो कार्पेटवर विचारावा. रेराने कार्पेट क्षेत्रफळाची व्याख्याच ठरवून दिली आहे, त्यामुळे ‘सुपर बिल्टअप’चा फुगवटा बाजूला ठेवून दोन प्रकल्पांची सरळ तुलना होते. पार्किंगचेही विचारून घ्यावे. उघडे आणि इमारतीखालचे स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्र मिळकत म्हणून विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल मुंबईतल्याच एका सोसायटीच्या दाव्यात आलेला आहे.

‘ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू’ अशा योजनांपासून नवख्याने लांबच राहावे. कर्ज ग्राहकाच्या नावावर असते. बिल्डरने हप्ता थांबवला की बँक ग्राहकाच्या दारात येते. अशा योजनांतून कर्ज देऊ नये असे राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना जुलै २०१९ मध्येच सांगितले होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या अशा व्यवहारांत बिल्डर आणि बँकांच्या साटेलोट्याची सीबीआय चौकशी लावली.

रोखीचा भाग हा आणखी एक जुना रोग. ‘काही व्हाइट, काही ब्लॅक’ यात घेणाऱ्याचा तोटाच जास्त. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार आणि त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचा दर यांत जे जास्त त्यावर लागते, म्हणजे तिथेही फारसे वाचत नाही. आणि पुढे विकताना खरेदीची किंमत कागदावरचीच धरली जाते, त्यामुळे न झालेल्या नफ्यावर कर बसतो. किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारीही घेणाऱ्याचीच. विकणारा अनिवासी असेल तर कापायची रक्कम पुष्कळच मोठी असते. तिथे सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता राहिला ठिकाणाचा प्रश्न. नवी मुंबई विमानतळाला २००७ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये आणि त्या डिसेंबरात विमाने उडू लागली. ‘विमानतळ येतोय’ म्हणून ज्याने २००८ मध्ये पनवेल परिसरात जागा घेतली तो चुकला नव्हता. पण त्याला सतरा वर्षे थांबावे लागले. ज्याने आपल्या पैशाने घेतली तो थांबू शकला, ज्याने कर्जावर घेतली त्याची दमछाक झाली. पुरंदरचा विमानतळ २०१६ पासून चर्चेत आहे. नकाशावरची रेघ पाहून जागा घेणाऱ्याने एवढे तरी बघावे की ती रेघ आपल्या गटाच्या शेजारून जाते की गटातूनच. दुसऱ्या बाबतीत वाट्याला भूसंपादनाचा मोबदला येतो.

थांबण्याची ताकद काय करू शकते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. हडपसरच्या मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी १९९० च्या दशकात चारशेहून अधिक एकर जमीन तुकड्यातुकड्याने बिल्डरांना विकली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी ती एकत्र आणली, कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग ठेवले. मगरपट्टा सिटी त्यातून उभी राहिली. नवख्या माणसाला चारशे एकर कुठून मिळणार, हे खरेच. पण कागद एकत्र, स्वच्छ आणि घाई नाही, हे तिन्ही तिथे होते.

ज्याच्याकडे साडेसोळा लाख नाहीत, किंवा आहेत पण सगळे एका भिंतीत घालवायची तयारी नाही, त्याच्यासाठी २०१९ पासून दुसरा दरवाजा उघडला आहे. सेबीने २०१४ मध्ये रीटचे, म्हणजे स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांचे, नियम आणले आणि एप्रिल २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट बाजारात नोंदला गेला. पाठोपाठ माइंडस्पेस आणि ब्रुकफिल्ड आले, आणि २०२३ मध्ये मॉलच्या मालमत्तांचा नेक्सस सिलेक्ट. शेअरसारखे एकेक युनिट घेता येते. वाटण्याजोग्या रोख रकमेपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटणे रीटला बंधनकारक आहे. युनिटचा भाव खाली-वर होतो, कार्यालये रिकामी पडली तर उत्पन्नही घटते. पण भाडेकरू, गळती आणि सातबारा यांची चिंता दुसऱ्याकडे जाते, आणि वर्षभर त्यांचे तिमाही अहवाल वाचले तरी भाडे, रिकामी जागा आणि कर्ज यांचे गणित नवख्याच्या अंगवळणी पडते.

भाड्याने द्यायचे ठरले तर ते लिव्ह अँड लायसन्स करारानेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी आता ऑनलाइन, घरी बसून होते. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुदत संपूनही घर सोडले नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने भरपाई मिळते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिगरवापर शुल्क घेते. त्याची मर्यादा सेवाशुल्काच्या दहा टक्के आहे. कित्येक सोसायट्या यापेक्षा जास्त आकारतात आणि कित्येक मालक न विचारता भरतात.

खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर फोटो, अंगठे आणि दोन साक्षीदार झाले की घरात पेढे वाटले जातात. ते वाटावेतच. पण काम अजून बाकी असते. सूची क्रमांक दोनची प्रत काढून त्यातले क्षेत्र, किंमत आणि नावे अक्षर न् अक्षर तपासायची. जमीन असेल तर फेरफाराची नोंद धरली गेली का ते पाहायचे. तलाठी नोटीस काढतो, हरकतींसाठी पंधरा दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या भाग प्रमाणपत्रावर नाव चढवायचे, मालमत्ता कराच्या आणि विजेच्या बिलावरचे नाव बदलून घ्यायचे. आणि सोसायटीच्या पहिल्याच सभेत विचारायचे की इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, अभिहस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स झाले आहे का. झाले नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज सोसायटीला स्वतः करता येतो. बिल्डरची सही त्यासाठी लागत नाही.